आझिलोच्या भिंतीआड

म्हापशाच्या जुन्या सरकारी इस्पितळाला आपण कित्येक वर्षे 'आझिलो' म्हणत आलो. जिल्हा इस्पितळ नव्या जागेत गेले तरी जुन्या माणसांच्या तोंडचा तो शब्द काही जात नाही. कोकणीत बोलताना कुणाविषयी 'ताका आझिलांत दवरलो' असे म्हटले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. त्यात थोडी दया असते, थोडी कुजबुज असते आणि 'आपल्यावर ती पाळी न येवो' अशी मनातली प्रार्थनाही असते. शब्द अर्थातच पोर्तुगिजांकडून आलेला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. जिथून कुणालाही बळाने ओढून नेता येत नाही अशी जागा, हा त्याचा मूळ अर्थ. देवळाच्या आवारात शिरलेल्या माणसाला राजाच्या शिपायांनीसुद्धा हात लावायचा नाही, असा तो आसरा. इंग्रजीतला 'असायलम' हा त्याचाच सख्खा भाऊ. अभय देणाऱ्या जागेचे नाव पुढे जिच्या नुसत्या उल्लेखाने भय वाटावे अशा जागेला कसे चिकटले, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता.

आझिलोत अनेक तऱ्हेची माणसे जात. म्हातारी, निराधार, वेडी, आजारी. या लेखात मी त्यांच्यातल्या एकाच गटाविषयी लिहिणार आहे: ज्यांची समज वयाबरोबर वाढत नाही अशी माणसे, आणि त्यांच्याबरोबर स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली माणसे. आपण त्यांना 'मतिमंद' म्हणत होतो. २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आणला, आणि स्वमग्नतेलाही यादीत वेगळी जागा दिली. शब्द सुधारला हे चांगलेच झाले. पण ही माणसे म्हातारी होतात, त्यांचे आईवडील त्यांच्या आधी जातात, आणि मग कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी परक्या हातांनी त्यांना भरवावे लागते, ही गोष्ट शब्द बदलल्याने बदलत नाही.

इतिहास मात्र इंग्लंडचा सांगतो. त्याला कारण आहे. आपल्याकडे अशा संस्थांचा इतिहास लिहायला बसले तर कागदच हाती लागत नाहीत. इंग्रजांनी आपली पापेसुद्धा छापून, पानांना क्रमांक घालून ठेवली आहेत. चौकशी समित्यांचे अहवाल आज कुणालाही वाचता येतात. दुसरे म्हणजे, पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेली आपली कितीतरी माणसे आज स्विंडनसारख्या शहरांत राहतात. त्यांतली काही अशाच 'केअर होम'मध्ये कामाला आहेत, दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घालतात. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्यांची नाही.

तर सुरुवात चांगली झाली होती. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल येथे १८५५ साली अर्ल्सवुडचे असायलम उघडले. अशा मुलांना शिकवता येते, ती हाताने काम करू शकतात, हा विचार त्या काळी नवा होता. वर्गणीदार मते देऊन कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवीत (आपल्या देवस्थानांच्या महाजनकीची आठवण व्हावी असा कारभार!), आणि निवडून आलेल्याला साधारण पाच वर्षे ठेवून, शिकवून परत घरी पाठवायचे असा बेत होता. १८५८ साली तिथे जॉन लँगडन डाऊन हा तिशी न उलटलेला डॉक्टर अधीक्षक म्हणून आला. 'डाऊन सिंड्रोम' हे नाव ज्याच्यावरून पडले तोच हा. त्याने १८६६ साली लिहिलेल्या निबंधातली 'मंगोल' वंशाची उपमा आज वाचवत नाही. पण माणूस म्हणून त्याने अर्ल्सवुडमध्ये मारहाण बंद केली, स्वच्छता आणली, सुतारकामाचे, शिवणाचे वर्ग वाढवले. तिथलाच एक रहिवासी जेम्स पुलेन. त्याला धड बोलता येत नसे, पण त्याने 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाची प्रतिकृती सात वर्षे खपून तयार केली. लोक ती बघायला येत.

डाऊनने पुढे १८६८ साली टेडिंग्टनला नॉर्मन्सफील्ड हे स्वतःचे घर काढले आणि तिथे राहणाऱ्यांसाठी चक्क एक नाट्यगृह बांधले. पडदे, रंगवलेली दृश्ये, सगळे काही. आपल्यासारख्या नाटकवेड्या लोकांना या एका गोष्टीसाठी तो माणूस आवडावा. या नॉर्मन्सफील्डचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

मग वारे फिरले. विसाव्या शतकाच्या तोंडाला वंशशुद्धीचे खूळ युरोपभर पसरले. मंदबुद्धीची माणसे मुले जन्माला घालतील आणि राष्ट्र बिघडवतील, या भीतीतून १९१३ चा 'मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट' झाला. कायद्याने माणसांच्या चार प्रती पाडल्या: इडियट, इम्बेसाइल, फीबल-माइंडेड आणि चौथी 'मॉरल इम्बेसाइल', म्हणजे नीतीने मंद! लग्नावाचून मूल झालेली आणि गरिबांच्या मदतीवर जगणारी बाईसुद्धा या कायद्याच्या तावडीत सापडू शकत होती. आता शिकवून घरी पाठवण्याचा विचार मागे पडला. गावापासून दूर शेकडो एकरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना नावही 'कॉलनी' असेच होते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे शेत, धोबीघाट, प्रार्थनामंदिर. आत गेलेला माणूस बाहेर येण्याची घाई कुणालाच नव्हती. १९५१ साली नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने 'कायद्याबाहेरचे पन्नास हजार' अशा अर्थाची पुस्तिका काढली. १९५६ साली एका तरुणीला बेकायदा अडकवून ठेवल्याचे हायकोर्टाने ठरवले. त्यानंतर कुठे अनेकांची सुटका झाली आणि १९५९ साली जुना कायदा गेला.

दरम्यान १९४८ साली एक गोष्ट घडून गेली होती. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा या सगळ्या कॉलन्या तिच्याकडे आल्या आणि एका रात्रीत त्यांची 'इस्पितळे' झाली. आत राहणाऱ्याला आजार नव्हता, बरे होण्यासारखे काही नव्हते, तरी तो 'रुग्ण' झाला. त्याला सांभाळणारे परिचारक झाले, घराचा वॉर्ड झाला, सकाळचा चहा वॉर्डाच्या वेळापत्रकात गेला. एका वॉर्डात साठ-साठ खाटा, दोन खाटांमधून आडवे होऊन जावे लागेल इतकी दाटी. कपडे सामाईक, ज्याला जे अंगाला येईल ते. स्वतःचे म्हणावे असे कपाट नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ६०,००० माणसे अशी राहत होती.

आता मी ज्या भागाकडे येतो आहे तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. जॅक टिझार्ड नावाचा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला एक मानसशास्त्रज्ञ लंडनमध्ये काम करीत होता. त्याने १९५८ साली लंडनच्या फाउंटन इस्पितळातून १६ मुले उचलली आणि रायगेट गावच्या ब्रुकलँड्स नावाच्या घरात नेऊन ठेवली. (रायगेट म्हणजे अर्ल्सवुडच्या शेजारचेच गाव. शंभर वर्षांनी गोष्ट पुन्हा तिथेच आली.) तशीच, त्याच वयाची आणि त्याच बुद्धीची १६ मुले तुलनेसाठी इस्पितळातच राहिली. ब्रुकलँड्समध्ये औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. मुलांना लहान लहान गटांत, घरातल्या मुलांसारखे वाढवले, एवढेच. तीच बाई तेच मूल रोज बघणार, त्याच्याशी बोलणार, त्याच्याबरोबर खेळणार, भांडणार. दोन वर्षांनी मोजले तेव्हा ब्रुकलँड्सच्या मुलांची बोलण्या-समजण्याची वाढ इस्पितळातल्या मुलांच्या दुपटीहून जास्त झाली होती. मुले शांत झाली होती आणि एकमेकांशी खेळू लागली होती.

टिझार्ड तिथे थांबला नाही. त्याने दोन सहकाऱ्यांना घेऊन पुढच्या काही वर्षांत मुले राहत असलेल्या अनेक संस्था पाहिल्या आणि १९७१ साली त्यावर पुस्तक काढले. 'चांगले घर' म्हणजे काय हे त्यांना मोजायचे होते. त्यांनी इमारत मोजली नाही. त्यांनी विचारले ते असे. सगळी मुले रोज एकाच ठोक्याला उठतात का, की रविवारी कुणी उशिरा उठले तर चालते? न्हाणीघरापाशी मुलांना रांगेत उभे करून ताटकळत ठेवतात का? मुलाचे स्वतःचे कपडे, खेळणी, फोटो त्याच्यापाशी असतात का? सांभाळणारी माणसे मुलांबरोबर एका टेबलावर बसून जेवतात, की वर उभी राहून लक्ष ठेवतात? उत्तरे जमवली तेव्हा दिसले की इस्पितळे एका टोकाला आहेत आणि नगरपालिकांची छोटी वसतिगृहे दुसऱ्या टोकाला. आणि यात नोकरवर्ग किती आहे एवढ्याने फरक पडत नव्हता. घराच्या प्रमुख बाईला रोजचे निर्णय स्वतः घेता येतात की वरच्या कचेरीला विचारावे लागते, आणि ती मुलांशी किती बोलते, याने पडत होता.

म्हणजे अशा घरांचा दर्जा कशात असतो हे पन्नास वर्षांपूर्वीच मोजून, छापून झाले होते. पुढे जे घडले ते अज्ञानामुळे घडले असे म्हणायला मी तयार नाही.

२० ऑगस्ट १९६७ रोजी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकात एक बातमी आली. साप्ताहिक भानगडींसाठीच प्रसिद्ध, सभ्य घरात उघडपणे न वाचण्याचे. कार्डिफच्या इली इस्पितळातल्या एका मदतनीसाने त्यांना लिहून कळवले होते की तिथे रुग्णांना मारतात, त्यांचे अन्न आणि कपडे चोरीला जातात, आणि वरिष्ठांना त्याचे काही नाही. इस्पितळाचे नाव बातमीत छापले नव्हते, पण सरकारला कळायचे ते कळले. इलीची इमारत १८६२ साली अनाथ गरीब मुलांच्या उद्योगशाळेसाठी बांधलेली, आता तिथे सहाशेहून अधिक माणसे. चौकशी समितीचा अध्यक्ष होता जेफ्री हाऊ, पुढे मार्गारेट थॅचरच्या मंत्रिमंडळात गाजलेला, त्या वेळी वकील. तक्रार करणाऱ्या मदतनीसाचा उल्लेख अहवालात 'एक्स-वाय' एवढाच येतो.

हाऊने काम चोख केले. बहुतेक आरोप खरे निघाले. पण त्याने त्या वॉर्डातल्या परिचारकांना राक्षस ठरवले नाही. तीस वर्षांपूर्वी जे शिकले तेच ते करीत होते, त्यांच्याकडे कुणी फिरकले नव्हते, माणसे अपुरी होती, डॉक्टर उदास होता. आणि पूर्वी ज्यांनी तोंड उघडले होते त्यांना त्याचा त्रास भोगावा लागला होता. खात्याची माणसे इलीला जाऊन गेली होती, वाईट स्थिती कागदावर नोंदवलीही गेली होती. तो कागद फायलीत पडून राहिला.

मी सरकारी कारकून आहे. आवक क्रमांक पडला की कागद कामाला लागला असे बाहेरच्या माणसाला वाटते. आत बसलेल्याला ठाऊक असते की बरेचसे कागद क्रमांक पडण्यासाठीच आलेले असतात. 'पाहिले, फाइल करावे' या शेऱ्याखाली काय काय गाडले जाऊ शकते, हे इलीचा अहवाल वाचताना मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

खात्याला अहवालाचा संक्षेप प्रसिद्ध करायचा होता. मंत्री रिचर्ड क्रॉसमन याने मार्च १९६९ मध्ये तो सगळाच्या सगळा छापला. आपल्याच खात्याची लक्तरे वेशीवर टांगण्याचे धाडस किती मंत्री करतील? त्यात राजकारणही होतेच: या खाईत पैसा वळवायचा तर लोकांना खाई दिसली पाहिजे, हे तो जाणून होता. इस्पितळांना भेटी देण्यासाठी त्याने वेगळी यंत्रणा उभारली. १९७१ ची श्वेतपत्रिका आली, आणि माणसांना या इस्पितळांतून बाहेर काढायचे हे धोरण ठरले.

तोवर दुसऱ्या चौकश्या सुरू झाल्याच होत्या. ब्रिस्टलजवळच्या फार्ली इस्पितळात परिचारकांना रुग्णांना छळल्याबद्दल शिक्षा झाली, त्याचा अहवाल १९७१ चा. १९७४ साली साउथ ऑकेंडन. आणि १९७८ साली नॉर्मन्सफील्ड! होय, डाऊनचे तेच घर, नाट्यगृहवाले. ते आता सरकारी इस्पितळ होते. तिथल्या प्रमुख डॉक्टरच्या हेकट कारभाराला कंटाळून मे १९७६ मध्ये परिचारकांनी संप केला, वॉर्ड सोडून बाहेर आले, तेव्हा कुठे चौकशी बसली. आज नॉर्मन्सफील्डच्या त्या वास्तूत डाऊनच्या नावाचे संग्रहालय आहे, नाट्यगृहही शाबूत आहे.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे एकंदरीत चांगली म्हटली पाहिजेत. केंटमधले डॅरेंथ पार्क हे मोठे इस्पितळ १९८८ साली बंद झाले. इली १९९६ साली. माणसे तीन-चार जणांच्या साध्या घरांत राहायला गेली, गल्लीतल्या दुकानात जाऊ लागली, चाळीस वर्षांनी प्रथमच स्वतःच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती आली. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती झाली हे सांगितलेच पाहिजे. टीका करणारे ती विसरतात.

इली बंद होण्याच्या दोनच वर्षे आधी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, आपल्या शेजारी महाराष्ट्रात काय घडले ते काहींना आठवत असेल. शिरूरच्या सरकारी मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या अकरा जणींची गर्भाशये पुण्याच्या ससून इस्पितळात काढली गेली. मासिक पाळीची स्वच्छता या मुलींना सांभाळता येत नाही, हे कारण सांगितले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. काही पालकही शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलले, आणि त्यांना मी दोष देणार नाही. वयात आलेल्या अशा मुलीची आई रात्री कशी झोपते ते तिलाच ठाऊक. पण संस्था म्हणजे आई नव्हे. किती मुलींमागे किती बायका कामाला होत्या, मुलींना शिकवायला कुणी वेळ दिला होता का, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत यायच्या आधी विचारायचे होते. टिझार्डच्या यादीतले प्रश्न म्हणजे हेच.

इंग्लंडकडे परत येतो. मोठी इस्पितळे गेली, पण एक फट राहिली. घरात किंवा छोट्या वसतिगृहात एखादा माणूस बिथरला, डोके आपटू लागला, कुणाला मारू लागला, तर त्याला कुठे ठेवायचे? त्याच्यासाठी 'तपासणी आणि उपचार केंद्रे' निघाली. काही महिने ठेवायचे, कारण शोधायचे, परत पाठवायचे. पैसे सरकारचे, केंद्रे बऱ्याच ठिकाणी खासगी कंपन्यांची. ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे त्यांतले एक, २००६ च्या अखेरीस उघडलेले. २४ खाटा. एका माणसाचे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच लाख रुपयांच्या आसपास. इमारत नवी कोरी. साठ खाटांचा वॉर्ड नाही, गळके छप्पर नाही. इलीच्या अहवालातल्या सगळ्या भौतिक तक्रारी इथे मिटलेल्या होत्या.

ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या एका अनुभवी परिचारकाने वरिष्ठांना लेखी तक्रार केली. ती पालिकेकडे गेली, काळजी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय मंडळाकडेही गेली. त्याने मंडळाला स्वतःही लिहिले. कुणी त्याला भेटायला आले नाही. शेवटी तो बीबीसीकडे गेला. बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाचा एक वार्ताहर ओळख लपवून तिथे नोकरीला लागला, अंगावर छुपा कॅमेरा घेऊन पाच आठवडे राहिला. ३१ मे २०११ रोजी इंग्लंडने रात्रीच्या जेवणाच्या वेळी टीव्हीवर पाहिले ते असे: माणसांना जमिनीवर पाडून वर खुर्ची ठेवून बसणे, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरणे, थोबाडीत मारणे, केस ओढणे, आणि हे सगळे हसत-खिदळत. महिनाभरात केंद्र बंद झाले. ११ जणांनी गुन्हे कबूल केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांतल्या सहा जणांना तुरुंगवास झाला. सर्वांत मोठी शिक्षा दोन वर्षांची.

मला त्या चित्रफितीपेक्षा नंतरच्या चौकशीतले आकडे जास्त बोचले. जानेवारी २००८ ते मे २०११ या काळात पालिकेकडे या एका केंद्राविषयी ४० सूचना आल्या होत्या. २९ वेळा प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते. सत्तरहून अधिक वेळा इथल्या माणसांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले होते. आणि केंद्राच्याच वहीत एकट्या २०१० सालात ३७९ वेळा माणसांना धरून, दाबून ठेवल्याची नोंद होती. चोवीस खाटांचे केंद्र! रोज एकाहून अधिक वेळा. म्हणजे नोंदी होत्या, वह्या नीट भरलेल्या होत्या. पण पालिकेची वही पालिकेकडे, पोलिसांची पोलिसांकडे, इस्पितळाची इस्पितळाकडे. चारही एका टेबलावर ठेवून बघणारा माणूस कुणी नव्हता.

आणि आतले दिवस कसे होते? करायला काही नाही. दिवाणखान्यात बसून राहायचे. काही महिन्यांसाठी आलेली माणसे सरासरी दीड वर्षाहून जास्त तिथे राहत, काही तीन वर्षांहून अधिक. जवळजवळ निम्मी माणसे घरापासून लांबून आलेली. आई भेटायला यायची तर दिवस मोडणार. आली तर तिला मुलाच्या खोलीत सोडत नसत, वेगळ्या जागी बसवत. त्या खोल्यांच्या मजल्यावर बाहेरच्या माणसाचा पायच पडत नव्हता.

सरकारने शब्द दिला की ज्यांनी तिथे असायला नको ती सगळी माणसे १ जून २०१४ पर्यंत अशा केंद्रांतून बाहेर येतील. ती आली नाहीत. २०१५ साली नवा आराखडा आला, मार्च २०१९ ची मुदत. तीही गेली. मग मार्च २०२४. तेव्हाही सुमारे दोन हजार माणसे आतच होती. मधे २०१९ च्या मे महिन्यात 'पॅनोरमा'नेच डरॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉल या १७ खाटांच्या केंद्रातले तसलेच चित्रण दाखवले. त्या केंद्राला देखरेख मंडळाने आधी 'चांगले' अशी श्रेणी दिलेली होती. २०१५ साली मंडळाच्याच एका तपासनिसाने तिथल्या वाईट स्थितीचा अहवाल लिहिला होता, तो प्रसिद्धच झाला नव्हता. इलीच्या कागदाचा हा सख्खा नातू म्हणायचा. २०२३ साली तिथल्या चौघा सेवकांवर गुन्हे सिद्ध झाले.

मुदती का टळतात? क्रौर्य, नफेखोरी ही कारणे आहेतच. पण एक कारण असे आहे की जे माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसालाच चटकन पटेल. माणूस इस्पितळात असेतोवर त्याचा खर्च आरोग्य सेवेच्या लेखाशीर्षातून जातो. तो बाहेर आपल्या गावच्या घरात राहायला आला की बराचसा खर्च तिथल्या पालिकेवर पडतो. आठवड्याचे हजारो पौंड वाचवून आरोग्य खाते मोकळे होणार आणि आधीच तंगीत असलेल्या पालिकेच्या गळ्यात बिल येणार. मग बैठका होतात, पत्रव्यवहार होतो, जागा मिळत नाही, माणसे मिळत नाहीत, आणि तो माणूस आणखी एक नाताळ आतच काढतो. कुणीही वाईट वागलेले नसते. दोन्ही कचेऱ्यांची पत्रे अगदी सभ्य असतात.

एक बदल मात्र मला मनापासून आवडला. या मंडळाच्या तपासणी पथकांत आता स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली माणसे आणि त्यांचे घरचे लोकही जातात, त्याचे त्यांना पैसे मिळतात. जो स्वतः अशा घरात राहिला आहे तो वही मागत नाही. तो आधी न्हाणीघर बघतो.

आपल्याकडे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्वाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले, ते योग्यच होते, कारण तो रोग नव्हे. पुढे १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना, सज्ञान झाल्यावरही, जिल्हा पातळीवरच्या समितीमार्फत कायदेशीर पालक नेमून घेता येतो. २०१६ च्या कायद्याने अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली. कागद आहेत. पण गोव्यात अशा मुलांच्या आईवडिलांशी बोललात तर ते कायद्याचे कलम विचारत नाहीत. 'आमच्या मागे याचे काय?' हा एकच प्रश्न. पूर्वी वाड्यावर चार काकू-मावश्या असत, एखादा विधुर काका असे, मूल कुणाच्या तरी ओसरीवर वाढून जाई. आता भाऊ दुबईत, बहीण लंडनला, आणि वाडा कुळागरासकट विकलेला.

म्हणून काही पालक पाच-सात जण मिळून घर बांधण्याच्या गोष्टी करतात. जागा बघतात, देणगीदार शोधतात. अशा वेळी बोलणे हटकून इमारतीवर जाते: किती खोल्या, रॅम्प कुठे, कुंपण किती उंच, कॅमेरे किती. तेव्हा मला टिझार्डची यादी आठवते. कुणी उशिरा उठले तर चालेल का? सांभाळणारी बाई त्यांच्याबरोबर जेवायला बसेल का? रात्री किती माणसे असतील, आणि त्यांना पगार किती देणार? लांबून आलेल्या बहिणीला न कळवता थेट भावाच्या खोलीपर्यंत जाता येईल ना? रायगेटच्या त्या घरात १९५८ साली एवढेच केले होते, आणि सोळा मुले बोलायला लागली होती.